मेलेल्या माणसाचा निकाल

पास्तो शहराच्या कोर्टासमोर छत्रीखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्यांत नोएमी ही एकटीच बाई. लोक तिच्याकडे तुतेला लिहून घ्यायला येत. तुतेला म्हणजे थेट न्यायाधीशाकडे अर्ज. वकील लागत नाही आणि दहा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

त्या मंगळवारी डोंगरातल्या गावाहून ओविदिओ गवंडी आला. त्याच्या बायकोला, क्लेमेन्सियाला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पास्तोला यावं लागे. उपचार फुकट, पण येण्याजाण्याचं भाडं आरोग्य विमा कंपनी देईना. गेल्या आठवड्यात दोन फेऱ्या चुकल्या आणि तिचे पाय सुजून खांब झाले.

नोएमीने सगळं उतरवलं आणि शेवटी नेहमीचा परिच्छेद घातला, राजधानी बोगोताच्या घटना न्यायालयाच्या निकालातला. 'प्रवास हा उपचाराचाच भाग आहे. खटला चालू असताना अर्जदार वारला. तरी त्याच्यासारख्या पुढच्यांसाठी आम्ही हा निकाल देत आहोत.'

"हे 'वारला' खोडा," ओविदिओ म्हणाला. "माझी बायको जिवंत आहे, बाई. तिच्या नावाशेजारी मढं कशाला बसवताय?"

"त्याचं नाव कुठेय त्यात? आजारी माणसाचं नाव कोर्ट लपवतं."

"म्हणजे बिननावाचं मढं! ते तर आणखी वाईट."

शेजारचा म्हातारा टंकलेखक लिसांद्रो खो खो हसला. "खोड की गं, नोएमी. न्यायाधीश कुठे शेवटपर्यंत वाचतोय?"

"तू गप बस, लिसांद्रो! गेल्या महिन्यात तूच गाळलंस ना ते वाक्य? कंपनीचा वकील म्हणाला, निकाल त्या एका माणसापुरताच होता. माणूस आधीच वारला होता, म्हणजे निकाल पुढच्यांसाठीच, हे तुझ्या कागदात दिसेना. गेला ना अर्ज बोंबलत?"

लिसांद्रोने कागदात तोंड खुपसलं. ओविदिओ मात्र हटेना. "पण बाई, मेलेला माणूस..."

"तो मेलेला माणूस माझा नवरा आहे."

चौदा वर्षांत हे तिने एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. "अर्ज मीच टाइप केला, ह्याच मशीनवर. खालची दोन्ही कोर्टं नाही म्हणाली. बोगोताचा निकाल आला तेव्हा त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते. वरातीमागून घोडं! चुलीतच घालणार होते मी तो कागद."

ओविदिओने डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," तो पुटपुटला. "राहू द्या ते वाक्य."

नवव्या दिवशी निकाल लागला. पुढच्या सोमवारी कंपनीची गाडी कोर्टासमोर थांबली आणि ओविदिओचा हात धरून क्लेमेन्सिया उतरली. तिने गरम पाव टेबलावर ठेवले.

"रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी नाव द्यायचंय," ती म्हणाली. "तुमच्या यजमानांचं. पाद्रीबाबा बिननावाचं घेत नाहीत."

नोएमीने मशीनमध्ये चिठ्ठी सरकवली. चौदा वर्षं तिने 'अर्जदार' असंच टाइप केलं होतं. आज तिने 'एवारिस्तो' टाइप केलं.

"आता त्या नावाशेजारी माझं घाला," क्लेमेन्सिया म्हणाली. "त्यांच्या आत्म्यासाठी नि माझ्या तब्येतीसाठी, एकाच चिठ्ठीवर."

नोएमीने ओविदिओकडे पाहिलं.

"घाला, बाई," तो म्हणाला.

नोएमीला रडू फुटलं. रडत रडतच तिने ते नाव टाइप केलं.