आधी तुम्ही दाबा

"पंचवीस," मी म्हणाले आणि कागदावर लिहिलं. पहिल्या खेपेलाही पंचवीसच होते.

नवनाथ अहिरेला तीस हवे होते. अंबडच्या एका कारखान्यात तो पत्रा कापायच्या प्रेसवर होता. सहा महिन्यांपूर्वी पत्र्याने त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा कापल्या. ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तो सातपूरला माझ्या फिजिओथेरपी सेंटरवर येतो. कंपनीचा नियम सरळ होता. उजव्या मुठीने तीनदा दाबायचं, सरासरी तीस किलो भरली तर प्रेसवर परत, नाहीतर नोकरी गेली. त्याची रजा आज संपत होती. कंपनीचे ललितसाहेब माझ्यासमोर बसून सारखे घड्याळ बघत होते. पाचच्या आत त्यांना माझा सही-शिक्क्याचा कागद घेऊन पोचायचं होतं आणि साडेतीन वाजून गेले होते.

हे दाबायचं यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर. सायकलच्या ब्रेकसारखी मूठ आणि वर गोल तबकडी. दाबलं की काळा काटा सरकतो आणि लाल काट्याला ढकलत नेतो. मूठ सोडली की काळा मागे येतो, लाल मात्र तिथेच राहतो, म्हणजे जोर किती लागला ते कळतं. तबकडीचं तोंड माझ्याकडे असतं, दाबणाऱ्याला आकडा दिसत नाही. सात वर्षं मी हे यंत्र वापरतेय आणि खरं सांगायचं तर माणसांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास. माणसं माझ्यासमोर बसून बिनदिक्कत थापा मारतात.

"हं, शेवटचं. दाबा."

नवनाथच्या कपाळावरची शीर फुगली. दंड थरथरला. त्याने मूठ सोडली तेव्हा बोटं पांढरी पडली होती.

"चोवीस."

"मॅडम, नीट बघा ना."

"मला दिसतं," मी म्हणाले. "दसऱ्याच्या आधी अठ्ठावीस होते. तीन आठवड्यांत वाढायचं सोडून कमी झाले? व्यायाम बंद केलात ना?"

"बंद?" दारात उभी असलेली त्याची बायको राखी एकदम पुढे आली. "अहो मॅडम, दोन टायमाची कणीक हेच मळतात. आता भाकरी बी मला थापू देत नाय."

ललितसाहेब हसले. "त्याला भरपाई घेऊन घरी बसून खायचंय, मॅडम. मुद्दाम कमी दाबतोय. लिहा, अनफिट."

इथेच मी थांबायला हवं होतं. मुद्दाम कमी दाबणाऱ्याचे आकडे उड्या मारतात. एकदा पंधरा, एकदा बावीस. पंचवीस, पंचवीस, चोवीस असे ओळीत येत नाहीत. हे मी कॉलेजात शिकले आहे आणि पुढे दहा जणांना शिकवलंही आहे. पण मी चिडले होते आणि चिडले की मला माझंच शिकलेलं आठवत नाही.

राखीने नवऱ्याला हळूच विचारलं, "काय व्हयनं?"

"मशीनच खोटं शे," तो पुटपुटला.

मला अहिराणी येत नाही, पण एवढं कळलं आणि माझं डोकं फिरलं. "मशीन खोटं? अहो, दसऱ्याला स्वतःच्या हाताने पूजा केलीय मी त्याची!"

"रागावू नका मॅडम," नवनाथ म्हणाला. पण तो मागे हटला नाही. "आम्ही नामपूरचे. माझे वडील कांदा मोजायला न्यायचे. एखाद्या काट्याचा भरोसा वाटला नाय, तर गोणी टाकायच्या आधी स्वतः चढायचे त्याच्यावर. आपलं वजन आपल्याला माहीत राहतं ना. आधी तुम्ही दाबा. तुमचं तुम्हाला माहीत असंल."

माहीत होतंच. सव्वीस. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी दाबून बघायचे. मग कंटाळा केला.

"चला, यांचं समाधान करू," असं म्हणत मी मूठ धरली, तबकडी माझ्याकडे वळवली आणि सगळा जोर लावला.

एकवीस.

मी लाल काटा मागे घेतला आणि पुन्हा दाबलं. खांद्यापर्यंत कळ गेली. एकवीस.

तेव्हा मला तबकडीच्या मधला, काटा मागे घ्यायचा खुंटा दिसला. त्याच्या बुडाशी हळदीचा पिवळा ठिपका होता. दसऱ्याला मी सगळी यंत्रं ओळीने मांडली, याला मधोमध बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, पुढ्यात नारळ फोडला. पाणी उडालं ते पदराने पुसलं. वरून पुसलं. आत झिरपलेलं नारळाचं गोड पाणी हळदीसकट सुकून बसलं होतं आणि काटा जड झाला होता. तो ठिपका मी रोज बघत होते. छान वाटायचा.

"किती?" ललितसाहेबांनी विचारलं.

आकडा फक्त मलाच दिसत होता. सव्वीस म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? एकवीस म्हटलं तर दसऱ्यापासूनचे माझे सगळे कागद खोटे. मग कुठली कंपनी माझ्याकडे माणसं पाठवणार? माझ्या तोंडाशी सव्वीस आलं होतं, हे मी नाकारत नाही. राखी माझ्याकडे बघत होती.

"एकवीस," मी म्हणाले. "यंत्र बिघडलंय. माझ्या हातून."

"मग चार-पाच मिळवून टाका आणि सही करा," ललितसाहेब वैतागले. "मला उशीर होतोय."

"अंदाजाने मी कोणाला प्रेसवर पाठवणार नाही. या वेळी बोटंच जातील त्याची."

मी शुभांगीला फोन केला. माझी वर्गमैत्रीण, कॉलेज रोडला तिचं सेंटर आहे. "तुझा डायनॅमोमीटर घेऊन निघ. काही विचारू नकोस." तोवर नवनाथला हात कोमट पाण्यात ठेवायला लावला. बिघडलेल्या यंत्रावर मी त्याची ताकद वाया घालवली होती आणि आता त्याच दमलेल्या हाताने त्याला पुन्हा दाबायचं होतं. मला स्वतःची लाज वाटत होती. चार वाजले, सव्वाचार झाले. त्र्यंबक रोडला गर्दी असणार. ललितसाहेब दोनदा उठले आणि पुन्हा बसले.

चार पंचवीसला शुभांगी धापा टाकत आली. आधी मी दाबलं. सव्वीस. मग यंत्र नवनाथच्या हातात दिलं आणि तबकडी मुद्दाम त्याच्याकडे केली.

"एकोणतीस," त्यानेच वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"दम घ्या. घाई नको."

एक मिनिटाने एकतीस. राखीने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या वेळी काटा एकोणतीसला अडला, नवनाथच्या घशातून आवाज निघाला, आणि काटा तीस ओलांडून एकतीसला टेकला. सरासरी तीसच्या वर. मी सही केली, शिक्का मारला. ललितसाहेब कागद घेऊन जवळजवळ पळालेच.

राखी रडत होती. नवनाथ आपल्या हाताकडे बघत बसला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मागच्या सोमवारी माझ्या आधी एक बाई होत्या. पॅकिंगवाल्या. त्यांनी बी हेच दाबलं ना? बाहेर पायरीवर बसून रडत होत्या."

नवसाबाई. काट्यावर एकवीस दिसल्यापासून मला त्याच आठवत होत्या. कोणी विचारू नये असं वाटत होतं. त्यांना वीस हवे होते, सोळा भरले. मी अनफिट लिहिलं आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ जास्तीची घातली होती. 'प्रयत्न अपुरे.'

मी नवनाथसमोरच फोन लावला. चार-पाच रिंगनंतर उचलला. मी नाव सांगितलं, आणि पुढे काही बोलायच्या आत पलीकडून घाईघाईने आवाज आला.

"मॅडम, आईशप्पथ सांगते, लय जोर लावला होता हो मी."

"माहितीये," मी म्हणाले. "खोटं मी लिहिलं, नवसाबाई. उद्या सकाळी या. तुमच्या साहेबांनाही बोलावते. आधी मी दाबून दाखवते."