दादाचं लक्ष

वटारच्या घरच्या वाडीतून कुणीतरी केळीचे घड कापून नेले, आणि हर्षवर्धन राऊतला अचानक आपल्या आईची काळजी वाटू लागली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. ठाण्याहून वटारला यायला त्याला गणपतीतही जमत नसे. केळी गेली मात्र, त्याने ऑनलाइन कॅमेरे मागवले, त्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर मागवला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "आता आईवर माझं चोवीस तास लक्ष राहील."

धाकट्या बहिणीने, सुरुचीने, ते वाचून फोन उपडा ठेवला. आईजवळ राहत होती ती. कामणच्या एका गोदामात नोकरी करायची, आईचं जेवण झाकून सकाळी स्कूटरवर निघायची ती संध्याकाळी परतायची. तिच्या असल्या लक्षाचं कुणी ग्रुपवर कधी काही लिहिलं नव्हतं.

वायरमन कॅमेरे लावून गेला. घरच्या टीव्हीवर अंगण दिसू लागलं. ते ठाण्यात, दादाच्या फोनवर दिसायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी रविवारी त्याने व्हिडिओ कॉल लावला.

"राऊटरची निळी वायर रेकॉर्डरला लाव. निळी! रंग तरी कळतात ना तुला?"

"वायर पांढरी आहे, दादा."

"मग तीच. आता त्यावरचा चौकोनी कोड दाखव मला. हलवू नकोस."

कोड घेतला. रेकॉर्डर काही सापडेना. दादाने वायर काढायला लावली, परत लावायला लावली, राऊटर बंद करायला लावला. दर वेळी चूक सुरुचीचीच निघत होती. शेवटी ती म्हणाली, "ॲप कुठलं घेतलंयस ते दाखव बघू."

त्याने दाखवलं. भलत्याच कंपनीचं होतं.

"हे आधी नाही का सांगायचं?" दादा तिच्यावरच खेकसला.

सुरुचीला हसूही आलं नाही. ऑफिसात हाताखाली वीस माणसं असल्याचं हा माणूस दर भेटीत सांगायचा. त्या बिचाऱ्यांची तिला कीव आली. तिने योग्य ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, रेकॉर्डर आपल्या नावावर जोडला, पासवर्ड ठेवला आणि दादाला नुसतं बघण्याची परवानगी पाठवली. त्याच्या फोनवर अंगण उमटलं. "झालं बघ माझ्याकडून," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सुरुचीला गोदामात फोन येऊ लागले. अंगणात पानांचा पातेरा किती पडलाय. आई उन्हात का बसलीय. दोरीवरचे कपडे अजून काढले कसे नाहीत. आईला मात्र त्याने एकदाही फोन केला नाही. आता ती दिसत होती ना.

श्रावणातली दुपार होती. सुरुची ट्रकच्या पावत्या तपासत असताना ग्रुपवर एक क्लिप आली. आई धुण्याच्या दगडापाशी घसरते, हातावर पडते. खाली दादाचं वाक्य: "ही आमच्या घराची अवस्था. घरात राहणाऱ्यांनी विचार करावा."

तिने लगेच घरी फोन लावला. आईचा फोन नुसता वाजत राहिला. तिने शेजारच्या ॲनीला लावला. दादाने ॲनीला आधीच आईकडे धाडलं असेल, असं सुरुचीला अजूनही वाटत होतं.

"कशी आहे आई?"

"का गं? काय झालं मनोरमाकाकूला?" ॲनी म्हणाली.

ॲनी आणि तिचा नवरा प्लासिड धावत गेले. दोघांनी आईला उचललं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी आईला घरी आणून निजवल्यावर सुरुचीने दादाला फोन केला.

"ॲनीला का नाही कळवलंस?"

"माझ्याकडे नंबर नाही तिचा."

"आणि मला?"

"तुला कळवलं की! ग्रुपवर टाकलं ना लगेच."

तिने फोन ठेवला. रेकॉर्डर लावून सगळं चित्रण पाहिलं. दादाने क्लिप जिथे तोडली होती, त्याच्या पुढे आई ओल्या जमिनीवर पडून मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ती काय हाक मारतेय ते सुरुचीला कळलं. हर्षू, हर्षू. प्लासिड फाटकातून आत येईपर्यंत ती हाक मारत होती.

सुरुचीने दादाची परवानगी काढून टाकली.

पुढच्या रविवारी तो आला. हातात सफरचंदं, दारातच प्रश्न: "ॲप का चालत नाही?"

"मी बंद केलं."

"तू कोण बंद करणारी? माझं घर आहे, माझी आई आहे. पासवर्ड दे."

"आई आतल्या खोलीत आहे," सुरुची म्हणाली. "तिथे पासवर्ड लागत नाही."

तो रागाने लाल झाला, पण आत गेला. आईने त्याला खाटेवर बसायला जागा केली. "जेवून जाशील ना रे?" म्हणून विचारलं. तो "बघू" म्हणाला, खिशातून फोन काढला आणि फोटोत प्लास्टर नीट यावं म्हणून तिला जरा उजेडाकडे सरकायला सांगितलं.

आई सरकली. चांगल्या हाताने तिने पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघून हसली.

सुरुची दारात उभी राहून ते पाहत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि दोघींपुरतेच तांदूळ धुवायला घेतले.