बॉल सोडणारा हाफ

"किती झाल्या?"

"नऊशे चाळीस, वस्ताद."

"आन् ऱ्हायल्या किती?"

"तीनशे साठ."

"मग थांबलास कशाला? मी काय हितं तुझ्या लग्नाची बोलणी कराय बसलोय व्हय?"

निसार पुन्हा खाली बसला आणि वर उठला. घाम हनुवटीवरून तालमीच्या फरशीवर ठिबकत होता. एकूण तेराशे बैठका. आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये त्यानं सव्वीस वेळा बॉल दुसऱ्याला दिला होता आणि वस्तादांचा हिशोब एका बॉलला पन्नास असा होता. बरं, मॅच हरली असती तर गोष्ट वेगळी. उंबर तालमीनं ती तीन-शून्य अशी जिंकली होती. तिन्ही गोल सयाजीनं मारले होते आणि तिन्ही बॉल निसारनं दिलेले होते. सयाजी रात्रभर गुलालात लोळून आता घरी घोरत पडला होता, आणि निसार बैठका मारत होता.

बाहेरच्या माणसाला हा न्याय उलटा वाटेल. पण कोल्हापुरात फुटबॉलची टीम असते ती तालमीची. ज्या लाल मातीच्या हौद्यात पैलवान घुमतात, त्याच्याच कट्ट्यावर बूट वाळत पडलेले असतात. त्याच तालमीत गणपती बसतो, मोहरमला पंजाही बसतो, आणि या सगळ्यावर शेवटचा शब्द वस्तादांचा. हंबीरराव वस्तादांनी उभ्या जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. ऐन उमेदीत त्यांनी खासबागेच्या कुस्ती मैदानात भल्याभल्यांना आस्मान दाखवलं होतं. फुटबॉलकडेही ते कुस्तीच्याच डोळ्यांनी बघायचे. बॅक मारके, फॉरवर्ड अंगापिंडानं मजबूत, इथपर्यंत त्यांचं ठीक होतं. त्यांना कळत नव्हता तो बॅक आणि फॉरवर्डच्या मध्ये खेळणारा हाफ, आणि उंबर तालमीचा तो हाफ म्हणजे निसार.

"गडी अंगावर आला की ह्यो बॉल दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा हुतोय," ते चारचौघांत म्हणायचे. "हाताला लागलेला गडी सोडायचा म्हंजे काय? ह्याला पळपुटेपणा म्हणत्यात."

हा शब्द निसारच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. तालमीतल्या माणसाला दुसरी कसलीही शिवी चालते. पळपुटा म्हटलं की माणूस संपला. त्याच्या मुलाला पुढं 'पळपुट्याचा' म्हणतात.

निसार एकोणीस वर्षांचा होता. उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे साचे घालायचा. बाप बाबालाल दारोदार कल्हई लावत फिरायचा. आजा याच तालमीच्या हौद्यात घुमलेला. निसारच्या अंगात पैलवानकी नव्हती, पण डोळा विलक्षण होता. बॉल पायाशी यायच्या आधीच त्याला मैदानातली मोकळी जागा दिसायची. तिथं आत्ता कोणी नसेल, पण दोन पावलांनंतर सयाजी असेल, हे त्याला कळायचं. कसं कळायचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बॉल पायातून सुटून नेमका तिथं पोचला की त्याला जो आनंद व्हायचा, तो गोल मारणाऱ्यालाही होत नसेल.

पण तो आनंद घरी आणून दाखवता येत नाही ना!

"तू गोल का घालत न्हाईस रं?" त्याची आई अमीरबी त्याच्या मांड्या तेल लावून चोळताना विचारायची. "त्या सयाजीच्या आईच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. नळावर बिनदिक्कत माझ्या फुडं घागर लावती."

"तिन्ही बॉल मी दिल्यात, अम्मा."

"ते मला नको सांगूस. रोज रांधतीया मी. रस्सा झ्याक झाला म्हणत्यात आन् हात धुऊन उठत्यात. रांधणारीचं नाव कोण काढतंय?" मग थोडं थांबून म्हणायची, "पाय दगडागत झाल्यात की रं तुझं. बास कर त्या बैठका."

"वस्तादांचा हुकूम हाय."

"मग बॉल सोडू नकोस."

"ते जमत न्हाय," निसार म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

असा सगळा सीझन गेला. मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हजार-दीड हजार बैठका, मग फौंड्री, मग संध्याकाळी प्रॅक्टिस. उंबर तालीम जिंकत जिंकत फायनलला पोचली. समोर तिकटी तालीम होती. तिकटी आणि उंबर म्हणजे साप-मुंगसाचं वैर. लग्नातसुद्धा एका पंगतीला बसायचे नाहीत.

फायनलच्या आदल्या दिवशी वस्तादांनी टीमला हौद्याभोवती बसवलं.

"उद्या तिकटीवाल्यांफुडं पळपुटेपणा चालणार न्हाय," ते निसारकडं बघत म्हणाले. "बॉल आला की छातीवर घ्यायचा आन् झुंजायचं. आजवर बैठकांवर भागवलं. उद्या बॉल सोडलास, तर परत ह्या तालमीची पायरी चढायची न्हाय."

तरी निसार उठला.

"वस्ताद, आमच्या फौंड्रीत भट्टीतनं लोखंडाचा रस काढत्यात. तो लांब दांड्याच्या डावात धरून कोण मर्दुमकी दावत न्हाय. लगोलग साच्यात वतायचा. थंड झाला की साचा बी वाया आन् रस बी वाया. बॉलचं तसंच हाय."

"मला लोखंड शिकवतोस?"

"न्हाय वस्ताद."

"मग खाली बस."

दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. निसारनं पहिल्या हाफमध्ये वस्तादांचा शब्द पाळला. बॉल आला की तो धरून ठेवला, अंगावर माणसं घेतली, धडका खाल्ल्या. गॅलरी खूष झाली. 'वा रं गड्या!' म्हणून आरोळ्या उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा निसारच्या नावानं शिट्ट्या वाजल्या. आणि त्या शिट्ट्या चालू असतानाच तिकटीच्या आडदांड सेंटर हाफनं त्याच्या पायातला बॉल काढून घेतला आणि पुढच्या दोन किकांत गोल झाला. एक-शून्य.

मध्यंतराला सयाजी मीठ लावलेलं लिंबू चोखत त्याच्याजवळ येऊन बसला.

"निश्या, माझा बॉल कुठाय? अर्धा तास नुसता खांबागत हुबा हाय मी."

"वस्ताद काय म्हणालं, ते ऐकलंस न्हवं?"

"ऐकलंय की. मी बी तिथंच हुतो." सयाजीनं लिंबाची साल फेकली. "तुला सोड म्हणाय माझी जीभ रेटंना. तालीम तुझी जाणार हाय, माझी न्हाय. तूच ठरीव."

इकडे आड, तिकडे विहीर. निसारनं गॅलरीकडं पाहिलं. वस्ताद पहिल्या पायरीवर फेटा बांधून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. निसारला तालीम फार प्यारी होती. त्या मातीचा वास, पहाटेचा दंडबैठकांचा आवाज, पंजा उठवताना खांद्याला लागणारे खांदे. ते सगळं सुटणार होतं. पण पायात बॉल घेऊन सयाजीला तसाच ताटकळत ठेवणं, हे त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. हरून तालमीत राहण्यापेक्षा जिंकून पायरीखाली उभं राहिलेलं बरं, असं त्यानं ठरवलं आणि बुटाची नाडी आवळली.

दुसऱ्या हाफमधला पहिलाच बॉल त्यानं आला तसा सोडला. मग दुसरा, मग तिसरा. डावीकडं, उजवीकडं, मागं गोलीकडं, पुन्हा पुढं. गॅलरी आधी गोंधळली, मग खवळली. "आरं ए भित्र्या! धर की!" कुणीतरी चप्पल फेकली. ती निसारच्या पायाशी येऊन पडली. करकरीत कोल्हापुरी होती, पण एकाच पायाची. त्यानं ती बाजूला सारली आणि बॉल सोडतच राहिला. तिकटीची पोरं बॉलच्या मागं पळत होती, आणि ती पोचेपर्यंत बॉल तिथं नसायचा. वेळ संपायला चार मिनिटं असताना बॉल सयाजीच्या पायात पडला आणि एक-एक झालं.

जादा वेळ सुरू झाला तेव्हा मैदानावर अर्धे गडी पोटऱ्या धरून लोळत होते. तिकटीचा तो सेंटर हाफ तर कमरेवर हात ठेवून म्हशीसारखा धापा टाकत होता. निसारनं आपल्या पायांकडं पाहिलं. पाय ताजे होते! सीझनभर मारलेल्या हजारो बैठका मांड्यांत साठून राहिल्या होत्या. त्याला हसू फुटलं. भर फायनलमध्ये, मैदानाच्या मधोमध, तो खदाखदा हसला आणि पळत सुटला.

आता त्याला अडवायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. तरी तिघं त्याच्यावर धावून आले. तिघं आले म्हणजे कुठंतरी तीन जागा रिकाम्या झाल्या. निसारनं मान वर न करता बॉल सोडला. सयाजी लंगडत होता, त्याला फक्त पाय आडवा लावायचा होता. त्यानं तो लावला. दोन-एक!

शिट्टी वाजली आणि गॅलरीचा बांध फुटला. हलगी-घुमकं कडाडलं, गुलालानं आभाळ लाल झालं. सयाजी खांद्यांवर चढला. मघाशी चप्पल फेकणारा बहुधा अनवाणीच नाचत असावा. निसारला गर्दीत कुणीतरी मिठी मारली, कुणीतरी पाठीत धपाटा घातला. त्यालाही ऊर फुटेपर्यंत ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाही. मग मिरवणूक मोठ्या रस्त्यानं निघाली तसा तो आतल्या बोळानं तालमीकडं गेला. खुंटीवर त्याचा लंगोट आणि जुनी बनियन होती. तेवढी कुणाकडून तरी मागून घ्यायची आणि घरी जायचं.

तालमीच्या पायरीखाली तो थांबला. आत वस्ताद एकटेच उभे होते.

"वर ये."

"तुम्हीच म्हणालता, पायरी चढायची न्हाय म्हणून."

"म्हणालतो. आता ये म्हणतोय."

निसार आत गेला आणि पाया पडायला वाकला. वस्तादांनी त्याला मध्येच दंडाला धरून उभं केलं.

"मोजल्यात मी. येकाहत्तर वेळा सोडलास," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. "समोरचं गडी पळून पळून मेलं. पंजाबचा एक अडीच मणाचा गडी मी असाच पाडलाता. पाऊण तास हातच लागू दिला न्हाय. आख्खं मैदान वरडत हुतं, हंबीऱ्या पळतोय, हंबीऱ्या पळपुटा हाय. लय लागलंतं मला. आन् त्योच शब्द मी तुला..."

त्यांनी फेटा काढून कट्ट्यावर ठेवला, सदरा काढला आणि ते हौद्यात उतरले. मूठभर माती घेऊन त्यांनी ती निसारच्या खांद्यावर टाकली आणि हात पुढं केला. सलामीचा हात. बरोबरीच्या पैलवानाला देतात तो.

"वस्ताद, मला कुस्ती येत न्हाय."

"मला कुठं फुटबॉल येतोय? ये. आन् मुद्दाम पडलास तर दोन हजार बैठका."

निसारनं हातात हात दिला. झोंबी लागली तेव्हा त्याला कळलं, की ज्या हातांना आपण जन्मभर भ्यालो त्यांची पकड सैल पडलीय, आणि हा माणूस दिसतो त्याच्या निम्माही उरलेला नाही. मुद्दाम पडणं सोपं होतं. पण वस्तादांनी खरी कुस्ती मागितली होती. निसारनं त्यांना कमरेला धरलं, उचललं आणि जपून मातीवर पाठ टेकवली.

मिरवणूक तेवढ्यात दारात पोचली होती. हलगी थांबली. सयाजी कुणाच्या तरी खांद्यावरून हळूच खाली उतरला. चाळीस वर्षांत हंबीररावांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती.

"लागलं का, वस्ताद?" निसारनं घाबरून विचारलं.

वस्ताद उठले नाहीत. गुलाल-माती माखलेल्या छातीवर हात ठेवून ते वर बघत राहिले.

"मधली दोन कौलं फुटल्यात की रं," ते म्हणाले. "येवढी वर्सं हौद्यात काढली, पर हितनं वर कधी बघितलंच न्हवतं."

निसार त्यांच्याशेजारी मातीत बसला आणि त्यानं वर पाहिलं. कौलं खरंच फुटली होती.