पडद्यावरची रेघ

शिंपीणकाकूंचा त्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास बसला होता. चार दिवस त्या दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या, पण नवऱ्याच्या तोंडाकडे कमी आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे जास्त पाहत होत्या. रेघ उड्या मारतेय ना, मग काळजी कसली! छातीत पेसमेकर बसवून घ्या म्हणून काकांचं वर्षभर डोकं खाल्लं होतं तेही काकूंनीच. तो माणूस कशालाच लवकर हो म्हणणारा नव्हता. काकूंनी "अहो, ऐकलंत का?" म्हणावं आणि त्यांनी बऱ्याच वेळाने पेपराआडून "हं" करावं, एवढाच दोघांचा संसार. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरा आवाज म्हणजे काकूंच्या शिलाई मशीनचा.

चौथ्या दिवशी दुपारी काकूंना एकाएकी बाहेर काढलं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून पाहिली, पण उपयोग झाला नाही. काकूंना आत बोलावून काका गेल्याचं सांगितलं, तर त्यांनी पडद्याकडेच बोट केलं.

"काहीतरीच काय बोलताय? ती बघा, चालतेय की रेघ!"

नर्सने काकूंचा हात धरला.

"काकू, ती नुसती वीज आहे हो. पेसमेकर अजून हुकूम सोडतोय, त्याची ती रेघ. पण हुकूम ऐकून हृदय आवळलं तरच रक्त पुढे जातं. ते आता आवळत नाहीये."

आणि तिने काकूंची दोन बोटं काकांच्या मानेवर टेकवली.

काकूंना लगेच कळलं, हीच तर पंचाईत होती. शिलाई मशीनचा पट्टा निसटला की मोटार घरघरत राहते आणि सुई जागची हलत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. तो पट्टा मात्र पुन्हा चढवता यायचा. मान अजून कोमट होती. बोटांखाली काहीच उडत नव्हतं.

"अहो, ऐकलंत का?"

उत्तर नेहमी उशिराच यायचं, म्हणून काकू थांबल्या. आता घरी जाऊन हाक मारायची कोणाला? वर रेघ उड्या मारतच होती.

"काकू, बंद करू पडदा?" नर्सने हळूच विचारलं.

बराच वेळ गेला. मग काकूच म्हणाल्या, "हं."