दांडीवरचा हात

मी रायपूरच्या गुढियारीतल्या मालगोदामातला काटा बोलतोय. बिडाचा, चाकांचा, जाड दांडीचा. आधीच सांगून टाकतो, येत्या लढतीत कोण जिंकणार हे मला ठाऊक नाही. या शहरात असं कबूल करणारा बहुधा मी एकटाच उरलोय, आणि माझा संताप त्याचाच आहे.

माझी उमेदीची वर्षं पोत्यांखाली गेली. तांदूळ, पोहे, लाख, मोहाची फुलं. हमाल पोतं माझ्यावर आपटायचे आणि मी दाखवीन तो आकडा व्यापारी निमूट मान्य करायचे. दर वर्षी नापतौल खात्याचा, म्हणजे वजनमापं तपासणारा, माणूस येऊन माझ्यावर शिक्का ठोकायचा. मग रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या आणि गोदामात विजेवर चालणारा काटा आला. मला भिंतीशी ढकललं. हमाल माझ्यावर ओले गमछे वाळत घालू लागले, दांडीला जेवणाचे डबे टांगू लागले. गावाला राजधानीचा मान मिळाला, मला खुंटीचा.

तिथून मला सोडवलं नरहरी सरांनी. हे मूळचे वर्ध्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. शेजारच्या रिकाम्या गोदामात दोर बांधून त्यांनी पोरांना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली आणि नवा शिक्का मारून घेऊन वजनाला मला नेलं.

पोत्याला लबाडी जमत नाही, माणसाला जमते. पोरं माझ्यावर चढताना श्वास रोखायची, गळ्यातला ताईत काढायची. एकजण तर टाचा उचलून उभा राहायचा, जणू त्यानं मी फसणार होतो!

त्यांच्यातच गौतम होता. बीरगांवचा, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारा. तो डोळे मिटून उभा राहायचा आणि उतरताना माझ्या खांबावर हलकेच थाप मारायचा. मला तो आवडायचा.

यथावकाश गौतम व्यावसायिक झाला, दोन-तीन लढती जिंकला. मग रायपुरातच मोठी लढत ठरली, हरियाणाच्या एका नावाजलेल्या बॉक्सरशी. जिंकला तर दिल्लीच्या आयोजकांचा करार होता, म्हणजे भट्टी कायमची सुटणार होती. अट एकच. वजन साडेत्रेसष्ट किलोच्या आत हवं. आणि गौतम होता सत्तर किलोला टेकलेला.

लढत ठरली आणि गावाला भाकिताचा ताप चढला. पानठेल्यावर भाकीत, सलूनमध्ये भाकीत. दोघांचे फोटो शेजारी ठेवून खांदे मोजणारे निघाले, जन्मवेळ विचारणारे निघाले. सगळ्यांत मोठा आवाज निरंजनचा. हा केबलच्या वाहिनीवरचा क्रीडातज्ज्ञ. आयुष्यात ठोसा ना मारलेला ना खाल्लेला. तो कॅमेरा घेऊन आला आणि माझ्या दांडीवर हात टेकून बोलला, "लिहून ठेवा, गौतम तिसऱ्या फेरीत आडवा पाडणार!"

"निरंजन भाऊ, दांडीवरचा हात काढा. काटा खराब होते," नरहरी सर म्हणाले.

"सर, तुम्ही काट्याचं पाहा, मी देशाचं पाहतो."

ज्याच्यावर हात टेकून तो बोलत होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं असतं तरी पोराचं कसं चाललंय ते कळलं असतं. पण तज्ज्ञांना खाली पाहायची सवय नसते.

गौतम रोज माझ्यावर चढत होता आणि रोज वाळत होता. आधी जेवण सुटलं, मग मीठ, मग पाणी. अंगात प्लास्टिकचा कोट घालून तो भट्टीसमोर राबायचा आणि तसाच इथे येऊन दोरीवर उड्या मारायचा. माझ्यावर त्याला सरळ उभं राहता येईना. दांडी डुलतच राहायची.

वजनाच्या दिवशी त्याची आई कलावती आली, तीही वर्ध्याकडची. आदल्या दिवशीपासून पोरानं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"काहून करून राहिला असं, पोट्ट्या? ओठ पाह्य तुझे, फाटून राहिले."

"आई, बस आज की बात है. पूरा पारा, सारा मोहल्ला बोल रहा है, मैं जीतूँगा."

"पाऱ्यातल्या लोकायचं पोट थोडीच उपाशी हाय? त्यायचं काय जाते?"

नरहरी सरांनीही हात जोडले. "उतर, बाबा. वरच्या वजनात खेळू. दोन महिने थांबू."

"सर, टीवी पे बोल दिया है उन्होंने. अब हटा तो सब बोलेंगे, डर गया."

म्हणजे पाहा. वाहिनीवरचं एक वाक्य त्या पोराच्या मानेवर बसलं होतं. पोत्यापेक्षा जड. मला तोलता न येणारं.

आयोजकांचं विजेवरचं यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवायला लागलं, म्हणून सरकारी शिक्क्याचा मीच पंचांपुढे ठेवला गेलो. गौतम चढला. दांडी डुलली, डुलली आणि स्थिर झाली. बसला वजनात! शिट्ट्या झाल्या. मला मात्र वाटलं, दांडी वर आपटली असती, वजन जास्त निघालं असतं, तर बरं झालं असतं.

पुढची चूक आपल्याच माणसांची. दुसऱ्या दिवशी लढत आणि त्याच दिवशी पोळा. घरोघरी बेसनाची खारी ठेठरी आणि गुळाची गोड खुरमी तळून तयार होती. बीरगांवच्या बाया ताटं भरभरून घेऊन आल्या. "खा बेटा, तिसऱ्या फेरीत पाडायचाय!" प्रत्येक घासासोबत एक भाकीत. नकार दिला तर बाईचा अपमान, म्हणून सुकलेल्या आतड्यात पोरानं बेसन आणि तूप भरलं. कलावती मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी. गर्दीत तिला कोणी पुढेच येऊ देईना.

लढत मी पाहिली नाही, मला कोण नेणार? हमालांच्या मोबाईलवर ऐकली. दुसऱ्या फेरीत गौतमच्या पायांत गोळे आले. तिसऱ्या फेरीत तो खरंच आडवा झाला, पोटात ठोसा बसून, ओकत. नरहरी सरांनी टॉवेल फेकला. मूत्रपिंडांना सूज आली होती. पोर इस्पितळात पडून राहिलं आणि करार हरियाणाला गेला.

गावानं काय केलं? "मला वाटलंच होतं" म्हणाली सगळी, त्याच पानठेल्यावर. निरंजन वाहिनीवर बोलला, "पोरात पहिल्यापासून दमच नव्हता." चुकल्यावर माझा शिक्का काढून घेतात. याला पुढच्या लढतीचं बोलावणं आलं.

परवा गौतम आला. पुन्हा भट्टीवर जातो, पण हलकं काम करतो. सोबत कलावती, हातात तोच तांब्या. "पयले पिऊन घे. मग चढ," ती म्हणाली. तो सगळं पाणी प्यायला आणि चढला. या वेळी सरळ उभा राहिला.

तेवढ्यात निरंजन कॅमेरा घेऊन हजर. सवयीनं त्याचा हात माझ्या दांडीवर.

"काय गौतम, पुन्हा उतरणार? कोण जिंकेल, तुला काय वाटतं?"

गौतमनं तोंड उघडलं. पण आधी कलावती बोलली.

"भैया, हात काढ तिथून. माह्या पोराचं वजन चुकून राहिलं."

त्यानं हात काढला. दांडी डुलली आणि थांबली. कलावतीनं वाकून आकडा वाचला आणि पदरानं डोळे पुसले. पोराचं वजन वाढलं होतं.

माझं मागणं एवढंच आहे. भाकीत करायचंच असेल तर करा बापहो, पण हात खिशात ठेवून.