नऊ सुपाऱ्यांचा कौल

"व्हय म्हाराजा!"

मांडवीच्या काळ्या वाळूत बसलेल्या गर्दीनं असा काही गजर केला, की सुरूच्या झाडांवरचे कावळे उडून थेट जेट्टीवर गेले. समोर चौरंगावर आकडेबाबा बसले होते. अंगात भगवी कफनी, तिच्यावर एक ते नऊ आकडे शिवलेले, त्यातला पाठीवरचा सात उसवून लोंबत होता. पुढ्यात उपडी टोपली.

"बा म्हाराजा! दर्यात मासा, माशात काटा, काट्यात आकडा, आकड्यात तू!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकल्याला वाट दाखव, हरवल्याला घर दाखव, बाबाला जेवणात सुरमई दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

आकडेबाबांचा कौल सोपा होता. मनात कुठलाही आकडा धरायचा. शून्य मात्र नको, कारण शून्याला मायबाप नसतात. धरलेल्याला नऊनं गुणायचं, उत्तरातले अंक एकमेकांत मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत. तो अंक देवानं आधीच टोपलीखाली ठेवलेला असे.

बाळा पेरवीची शेळी हरवली होती. त्यानं सत्तेचाळीस धरले. मोबाइलवर गुणाकार केला, चारशे तेवीस. चार नि दोन नि तीन... नऊ! टोपली उचलली, तर खाली नऊ सुपाऱ्या. बाळा वाळूत आडवाच झाला.

"शेळी नवव्या घरी आहे," बाबा म्हणाले. कुठून मोजायचं ते देवानं सांगितलं नव्हतं.

मग गावातली समीक्षा आली, परीक्षेत पास होईन का विचारायला. नऊ सुपाऱ्या. नवदुर्गा प्रसन्न! मग केरूअण्णांचा गुडघा. केरूअण्णा खवट माणूस. त्यांनी बाबांची जिरवायची म्हणून साडेतीन धरले.

"साडेतीन नव्वे साडेएकतीस," अण्णा म्हणाले. "म्हणजे एकतीस टिंब पाच. तीन, एक, पाच..." आणि त्यांनी आ वासला. "नऊच की रे!"

"टिंबालासुद्धा सोडलान् नाय हो बाबानी!" बायका गहिवरल्या.

इथवर मी हसत होतो. पण पुढे आले माझे शेजारी भागोजीअप्पा, आणि माझं हसू मावळलं. अप्पांची स्वतःची होडी. त्यांची लेक दर्शना चौथीच्या वर्गाला शिकवते. तिचं लग्न जहाजावर नोकरी करणाऱ्या नितेशशी ठरलेलं, मांडवाच्या झावळ्यासुद्धा येऊन पडल्या होत्या. अप्पांनी कौल लावला. टोपलीखाली नऊ.

बाबांनी कपाळाला हात लावला. "नऊच्या नऊ ग्रह रुसलेत. हे लग्न मोडा."

"अहो, समीक्षेला नऊ पावले, ते आम्हालाच कसे रुसले?" दर्शनाची आई गंगाकाकू रडवेली झाली.

"देवाच्या मनात काय, ते देव जाणे नि बाबा जाणे!"

अप्पा घरी आले. झावळ्या उचलून कुंपणापलीकडे टाकू लागले. दर्शनानं त्यांचा हात धरला.

"अप्पा, उद्या अजून एकदा कौल लावायचा. आकडा मी सांगेन. नऊच आले तर मी स्वतः नितेशला नाही म्हणून सांगते."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी. दर्शना बाबांना म्हणाली, "महाराज, काल केरूअण्णांचं अर्धंमुर्धं चाललं ना? मग आज आमचा वाटा चालेल?"

"देवाला सगळं चालतं, बाय. नऊ सुपाऱ्या... आपलं, सुपाऱ्या ठेवलेल्या आहेत."

"अप्पा, होडीचा वाटा धरा."

आता अप्पांच्या होडीचा रिवाज असा: आलेल्या मासळीचे तीन सारखे वाटे. एक होडीचा, एक जाळ्याचा, एक माणसांचा. होडीचा वाटा म्हणजे एक तृतीयांश. अप्पांनी मोबाइलला हात लावला नाही. बोटांवर पुटपुटले, "असे नऊ वाटे... तीन वाट्यांची एक पुरी मासळी... नऊ वाट्यांच्या तीन. उत्तर तीन."

"अंकांची बेरीज करा!" बाबा ओरडले.

"एकटाच आहे बिचारा. कोणाशी करू?"

गर्दी हलली. बाबांनी डोळे मिटले. "थांबा, देवाशी बोलतो." त्यांचा हात हळूच टोपलीखाली गेला, मग मिशी पुसायला तोंडाकडे गेला. पुन्हा टोपलीखाली, पुन्हा मिशी. मिशी फारच घाण झालेली दिसत होती. मग त्यांनी टोपली उचलायची खूण केली. खाली तीन सुपाऱ्या!

"व्हय म्हा..." लोक सुरू झाले.

"महाराज," दर्शना गोड आवाजात म्हणाली, "एकदा तोंडानं आशीर्वाद द्या ना."

बाबांचे दोन्ही गाल टोपण माशासारखे फुगलेले. "फुखी भव..." एक सुपारी सुटली ती केरूअण्णांच्या मांडीवर. मागोमाग उरलेल्याही बाहेर आल्या.

दर्शनानं वाळूत बोटानं लिहिलं: नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस. "बघा. नऊ मिळवायचे म्हणजे दहा द्यायचे नि एक काढून घ्यायचा. दशकाला भरती, एककाला ओहोटी, बेरीज तेवढीच. आकडा मोठा झाला तर बेरजा करत जा, शेवटी नऊवरच येता. साडेतीन म्हणजे तरी काय? पस्तीसच, मधे टिंब. पण एक तृतीयांश वाट्याला नऊनं गुणलं, की वाटे जुळून पुरे तीन होतात. ही जादू नाही. माझ्या वर्गातला पाढा आहे."

बाळा उठला. "म्हणजे माझी शेळी?"

"शोध मेल्या! इथे बसून काय मिळणार?" केरूअण्णा खेकसले.

गंगाकाकूंनी डोळे पुसले. "तीन आले ना? म्हणजे तिसऱ्या दिवशी हळद!"

"नाही गो आई. लग्नातलं नऊला कळत नाही, तसं तीनलाही कळत नाही."

अप्पांनी वाळूतल्या आकड्यांवर एकदा बोट फिरवलं. मग जे त्यांनी दोन दिवसांत बाबाला, देवाला, सुपाऱ्यांना विचारलं होतं, ते पहिल्यांदा लेकीला विचारलं.

"बाय, तुझा काय म्हणणा?"

"करायचंय मला लग्न, अप्पा."

झावळ्या कुंपणाच्या अलीकडे आल्या. हळदीच्या दिवशी जात्यावर बसलेल्या गंगाकाकूंनी नवीच ओवी गायली:

भरतीचं पाणी । चढे गं दशकाला ।
ओहोटी एककाला । बेरीज तीच ॥

मंडळी, पुढचा बाबा वेगळी टोपली घेऊन येईल. हात जोडण्याआधी एवढं करा: टोपलीत काय आहे ते आकड्यांना विचारा, आणि घरात काय व्हावं ते घरातल्या माणसाला.