आमच्या शिवाराची साखर

मित्रांनो, साखरेच्या पोत्यांवर छाप उठवण्यात ज्याचा जन्म गेला, असा मी एक जुना पत्रा आहे. डबे बनवणाऱ्या एका कारागिराने छिन्नीने माझ्या अंगात आरपार अक्षरं कोरली: ‘आमच्या शिवाराची साखर’. मला पोत्यावर ठेवून शाईचा बोळा फिरवला, की ती खाली उमटत.

हे काम साखर कारखान्यातल्या शाईमामाचं. त्याला शाळा मिळाली नव्हती. माझ्याच अक्षरांवरून बोट फिरवत तो वाचायला शिकला. ‘आमच्या’ हा त्याला आलेला पहिला शब्द.

तेव्हा कारखान्याची सगळी साखर सरकारी मंडळालाच द्यावी लागे. तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. मंडळाचा तपासनीस चिमूटभर साखर जिभेवर ठेवी, तोंड वाकडं करी आणि ती खालच्या प्रतीची ठरवी. त्याच्या घरी एक पोतं पोचलं, की तीच साखर वरच्या प्रतीची. थू!

मग कायदा बदलला. साखर कुणीही कुणालाही विकावी, बाहेरून हवी तेवढी आणावी. तपासनीस गेला. मामाची थोरली बहीण म्हणाली, “बरं झालं मेला गेला! आमची साखर चाटून चाटून गब्बर झाला होता.” तिने त्या वर्षी सगळ्या रानात ऊस लावला.

पण दार उघडलं, की वाऱ्याबरोबर धूळही आत येते. ऐन तोडणीच्या दिवसांत बंदरावर बाहेरची स्वस्त साखर उतरली. ऊस गाळण्यापेक्षा ती आणणं कारखान्याच्या साहेबांना परवडलं. त्यांनी गाळप थांबवलं. ती साखर ओलसर, गोळे झालेली, गंजक्या लोखंडाचा वास मारणारी. फावड्याने ती आमच्या पोत्यांत भरली आणि वर छाप माझा! त्या दिवशी मला शाईचीच शिसारी आली.

फाटकाशी बहीण उभी होती. “उसाला तुरे आले रे! वाळून चिपाड होईल. कधी नेणार?”

मामाने पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं. “ताई, तुझा ऊस नेला, असं तर इथे लिहून झालंय.”

दुसऱ्या दिवशी मामाने गोणपाटाची पट्टी खळीने माझ्यावर चिकटवली. ‘आमच्या शिवाराची’ झाकलं गेलं. पोत्यांवर एवढंच उमटू लागलं: ‘साखर’.

साहेब धावत आले. “मामा, झोपेत आहात का? अर्धंच उठलंय!”

“खरं होतं तेवढं उठलं, साहेब.”

साहेबांनी पट्टी ओरबाडली आणि स्वतःच बोळा घासला. शाई फरफटली, अक्षरांचा चिखल झाला. मामाची नोकरी गेली. जाताना त्याने मला काखेत मारलं. कुणी अडवलं नाही, कारण आता छापील कागद चिकटवायचे होते. त्यांवर शब्द तेच.

बहिणीचा ऊस गुरांच्या पुढ्यात गेला. मी तिच्या खुराड्याचं दार झालो. कोंबड्या माझ्यावर शिटतात. ती घाण निदान पाण्याने निघते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. शब्द तेवढे जपा. पोत्यावरचं वाचा, पण हात आत घालून बघा. आणि कुणी तुमच्याकडून खोटं ‘आमच्या’ वदवून घेऊ लागलं, तर तोंड मिटून घ्या. मला ते कधीच जमलं नाही. माझी तोंडं कोरून उघडी ठेवलेली आहेत. तुमची तशी नाहीत.